पाकिटावरची तारीख

आमच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बाबांनी फ्लॉवरच्या बियांची रिकामी पाकिटं जपून ठेवली आहेत, पंधरा-सोळा वर्षांची. प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेले एक-दोन शब्द : ‘बरा’, ‘नको’, ‘गोव्याला चालला’, ‘पावसात गेला’. अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयातून शिकून घरी परतले, तेव्हा पहिल्यांदा तो डबा मी नीट उघडून बसले. एकाच वाणाची तीन पाकिटं निघाली. एकावर ‘लई छान’, दुसऱ्यावर ‘बरा’, तिसऱ्यावर ‘परत आणू नये’.

बाबांना विचारलं, हे असं कसं? ते म्हणाले, “त्या त्या वर्षी तसं झालं. त्यात काय?”

तिन्ही पाकिटांवर लागणीची तारीख नव्हती. खोदून खोदून विचारल्यावर बाबांना एवढं आठवलं, की पहिलं आषाढातलं होतं आणि ‘परत आणू नये’वालं दिवाळीनंतरचं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांनी सोळा वर्षं चाचण्याच घेतल्या होत्या, फक्त कुठली नोंद कधीची ते सुटलं होतं. आणि बेळगावजवळच्या आमच्या उचगाव पट्ट्यात असे डबे घरोघरी असणार. डब्यात नसले तरी डोक्यात असणार. ते सगळं एका जागी आणता आलं तर ‘यंदा कुठला फ्लॉवर लावू?’ या प्रश्नाला दुकानदाराच्या फळीवर काय शिल्लक आहे त्यापेक्षा बरं उत्तर देता येईल, असं वाटलं. पुढची तीन वर्षं मी त्यातच घालवली.

फ्लॉवर हे पीक वेळेच्या बाबतीत फार काटेकोर. भाताचे जसे हळवे (लवकर येणारे), निमगरवे (मधले), गरवे (उशिरा येणारे) वाण असतात तसेच याचेही. हळव्या वाणाला गड्डा धरायला 20 ते 27 अंश तापमान चालतं, मधल्यांना 12 ते 20, गरव्यांना 10 ते 16. गरवा वाण लवकर लावला तर नुसता पाला वाढत राहतो, गड्डा धरतच नाही. हळवा वाण उशिरा लावला तर रोप मोठं व्हायच्या आत थंडी लागते आणि सुपारीएवढा गड्डा धरून झाड थांबतं. त्याला आम्ही बटण म्हणतो. मुळात हे थंड मुलखातलं पीक. 1822 साली सहारनपूरच्या कंपनी बागेत त्याचं बी आलं, आणि पुढं आपल्याकडच्या शेतकऱ्यांनीच बी राखत राखत उष्ण, दमट हवेत गड्डा धरणाऱ्या हळव्या जाती घडवल्या. शिकताना हे वाचलं तेव्हा अभिमान वाटला होता. ज्यांनी ते घडवलं त्यांच्या हातात लिहिलेली एकही तारीख नव्हती, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

सरकारी चाचण्या होत नाहीत असं नाही, आणि त्या मी मनापासून मानते. अखिल भारतीय समन्वित भाजीपाला संशोधन प्रकल्प 1970-71 पासून चालू आहे. नवं वाण आधी प्राथमिक चाचणीत, मग दोन प्रगत चाचण्यांत, देशभरातल्या केंद्रांवर एकाच आराखड्यानं लावतात. सगळीकडचे आकडे एकत्र करतात आणि विभागवार शिफारस काढतात. असे विभाग आठ. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गोवा सातव्यात; कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळ आठव्यात. आमच्याकडं बाची ओलांडली की शिनोळी लागते, तिथून महाराष्ट्र. म्हणजे बाचीतला वाफा आठव्या विभागात आणि हाकेच्या अंतरावरचा शिनोळीतला वाफा सातव्यात. पाऊस तोच, माती तीच, दोघांचा माल जातो तोही बेळगावच्या मार्केटात. त्यातून धारवाड-बागलकोटच्या विद्यापीठांची पत्रकं कन्नडमध्ये येतात, ती आमच्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नाहीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची मराठी पुस्तिका ते आवडीनं वाचतात, पण राहुरीची कोरडी हवा आणि आमचा पश्चिमेचा पाऊस यांचा मेळ बसत नाही. एकट्या बेळगाव जिल्ह्यातच तीन हवामानपट्टे आहेत : अथणी-रायबागकडचा कोरडा, बेळगावच्या आसपासचा मधला, आणि खानापूरकडचा डोंगरी. शिफारस चुकीची नसते. ती ज्या शेतातून आली ते शेत आमच्यासारखं होतं का, हे कळायला मार्ग नसतो.

शोधताना मला तीन वाणांची पद्धत सापडली. संशोधक जेकब व्हान एट्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती निकाराग्वात घेवड्यावर, इथिओपियात आणि भारतात गव्हावर वापरली होती. शेतकऱ्यांच्या बारा हजारांहून जास्त वाफ्यांतली माहिती एकत्र करून त्यांनी 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. कल्पना अगदी साधी. तपासायचे वाण आठ-दहा असले तरी एका शेतकऱ्याला तीनच द्यायचे, नाव न सांगता. त्यानं वजनकाटा घेऊन बसायचं नाही, फक्त तिघांत सगळ्यात चांगला कुठला आणि सगळ्यात वाईट कुठला एवढंच सांगायचं. प्रत्येकाकडं तिघांचा वेगळा संच जातो, आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र केली की दहाही वाणांची उतरंड लागते.

शेजारच्या आप्पांना हे मी समजावत होते. जे दोन वाण एका शेतात कधी आलेच नाहीत त्यांची तुलना कशी करणार, इथं माझी गाडी अडली. आप्पा तरुणपणी तालमीत जायचे. तेच म्हणाले, “अगे, आखाड्यात तसंच असतंय की. ह्यानं त्याला पाडलं, त्यानं तिसऱ्याला पाडलं. मग हा आणि तिसरा लढले न्हाईत तरी कोण भारी ते कळतंय. फक्त कुस्त्या भरपूर व्हायला पायजेत.” याहून चांगला खुलासा मला अजून सुचलेला नाही. पुढं सगळीकडं मी तोच सांगितला.

वर्गणी काढून नऊ वाणांचं बी आणलं, काही संकरित, काही सुधारित. बी वाटलं असतं तर कुणाची गादीवाफ्यावरची रोपं मरतात, कुणाची जगतात, आणि तो फरक वाणाच्या माथी येतो. म्हणून सगळी रोपं मी आमच्याच शेडमध्ये 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, वाढवली. प्रत्येकाला तीन ट्रे दिले. एकाला लाल दोरा, एकाला पिवळा, एकाला हिरवा. कुठल्या दोऱ्यात काय आहे ते फक्त माझ्या वहीत. अट एवढीच : तिन्ही शेजारशेजारच्या सऱ्यांत, एकाच दिवशी, सारख्या खत-पाण्यावर लावायचे.

पहिली फसगत दोऱ्यांनीच केली. महिन्याभरानं कळलं, की चहाच्या टपरीवर दोघा चुलतभावांनी ‘लालच भारी’ असा निकाल लावून टाकलाय आणि बाकीचेही माना डोलवायलेत. पण एकाचा लाल आणि दुसऱ्याचा लाल हे वेगळेच वाण होते! नव्या संचात मी दोरे काढून प्रत्येक ट्रेला वेगळा आकडा दिला. शेतकऱ्याशी बोलायचं साधन सोपं करताना त्याचा अर्थ त्याच्याकडं काय होतोय ते आधी विचारायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मला बायकांनी शिकवली. फोनवर उत्तर द्यायला यायचे पुरुष. ‘चांगला कुठला?’ विचारलं की वजन आणि भाव यांवरच बोलायचे. एकदा तुरमुरीकडच्या एका अक्कांच्या मळ्यात सकाळी सहाला काढणीला गेले. धुकं होतं, पानांवर दवाचं पाणी साचलेलं. अक्का विळ्यानं गड्डा कापायच्या, चार पानं ठेवून बाकीची छाटायच्या आणि बुट्टीत टाकायच्या. हात चालू ठेवूनच म्हणाल्या, “ह्या सरीतला मला आवडतंय. ह्येची आतली पानं आपोआप गड्ड्यावर मिटत्यात. त्या सरीत एकेक पान मोडून झाकायला लागतंय, न्हाईतर उन्हानं पिवळा पडतोय. दोन दिवस वाकून वाकून कंबर जात्या.” त्यांच्या यजमानांनी आदल्या रात्री नेमकी ती दुसरी सरी पहिली म्हणून सांगितली होती. गड्डा मोठा होता, पण तो झाकण्यात गेलेले दोन दिवस त्यांच्या हिशेबात नव्हते. त्या दिवसापासून नोंदीच्या कागदावर मी दोन रकाने केले, लागण-काढणी करणाऱ्या बाईचं मत आणि विक्री करणाऱ्याचं मत. घरोघरी दोन्ही मतं जुळत नाहीत, आणि ती न जुळणं हीसुद्धा कामाची माहिती आहे.

नोंदीचा कागद मराठीत होता, सात प्रश्नांचा. रोप टिकलं का. घाण्या रोग आला का. म्हणजे पानाच्या कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा डाग आणि त्यात काळ्या शिरा. गड्डा झाकलेला राहिला का. काढणी एकदम आली की तीन-चार तोडे करावे लागले. चोर्ला घाटातून रात्रभर टेम्पोत जाऊन गोव्यात सकाळी गड्डा पांढरा दिसला का. वजन. आणि शेवटचा प्रश्न, परत लावाल का? इतकं बघितल्यावर मला वाटतं, एकच प्रश्न विचारायची मुभा असती तर मी हा शेवटचाच विचारला असता. त्यात माणूस सगळा हिशेब करूनच उत्तर देतो.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते, कारण या सगळ्या कामात मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

पहिल्या वर्षी 34 जणांचे कागद आले. काहींनी आषाढात लागण केली होती, काहींनी भाद्रपदात, काहींनी उशिरा. मी सगळे एकत्र केले. कागद जितके जास्त तितका निकाल पक्का, असं शिकले होते. एक वाण स्पष्ट पहिला आला. मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी कडोलीच्या मामीला फोन केला. तिनं विश्वासानं, कार्तिकात, वीस गुंठ्यांत तोच लावला.

पौषात तिनं बोलावलं. बांधावरून बघितलं आणि माझे पाय तिथंच थांबले. हिरवीगार सरी, आणि वीतभर उंचीच्या झाडांवर सुपारीएवढे, लिंबाएवढे गड्डे. वीस गुंठ्यांत बटणंच बटणं. मामी रागावली नाही. नुसती म्हणाली, “तू सांगितलीस म्हणून आमी लावलो गे. दुसरा कायबी असता तर थोडंतरी आलं असतं.” तिथल्या तिथं मला रडू आलं. तिच्या त्या हंगामाचे पैसे कुणी भरून देणार नव्हतं.

घरी येऊन कागदांचा गठ्ठा पुन्हा काढला. पाऊणशे टक्के कागद आषाढ-श्रावणातल्या लागणीचे होते. म्हणजे मी जो ‘एकंदर पहिला’ काढला होता तो खरं तर पावसाळ्यातला पहिला होता. उशिराच्या लागणीचे मोजके कागद त्या ढिगात बुडून गेले होते. ते वेगळे काढून बघितले तेव्हा हाच वाण नऊपैकी सातवा होता. माहिती माझ्याच हातात होती, माझ्याच कागदावर तारखेचा रकाना होता. बाबांच्या पाकिटांवर जी तारीख नाही म्हणून मला हळहळ वाटली होती, ती इथं लिहिलेली असून मी तिच्यावरून आडवी रेघ ओढली होती.

त्यानंतर सरासरी काढण्याआधी मी कागदांचे गठ्ठे लावते. आधी लागणीच्या पंधरवड्याप्रमाणे, मग जमिनीप्रमाणे : मार्कंडेयकाठची काळी, वरची तांबडी, खानापूरकडची मुरमाड. मग रोपाच्या वयाप्रमाणे. हा शेवटचा रकाना दुसऱ्या वर्षी वाढवला. त्या वर्षी पावसानं उघडीपच दिली नाही, वाफसा येईना, आणि कित्येकांची रोपं ट्रेमध्ये महिना उलटून जरड झाली. जरड रोपालाही बटण धरतं. वयाची नोंद नसती तर तोही दोष वाणावर गेला असता. गठ्ठा लहान झाला की निकाल कमी पक्का होतो, हे खरं. तेव्हा मी सरळ सांगते : या पंधरवड्याचे, या जमिनीचे आठच कागद आहेत, त्यामुळे पूर्ण रान एकाच वाणाखाली घालू नका.

जांबोटीकडच्या कागदांनी आणखी एक धडा दिला. तिथल्या चार जणांनी एकाच वाणाला ‘सगळ्यात वाईट’ लिहिलं होतं. तो बाद करायला मी निघालेच होते. पण मामीच्या प्रसंगानंतर कागदावर विसंबायची भीती बसली होती, म्हणून जाऊन बघितलं. नव्या पानांना पातंच नव्हतं. मधली शीर लांब, वाकडी, चाबकाच्या दोरीसारखी, आणि दोन्ही बाजूंना कुरतडल्यासारख्या चिंध्या. आप्पांसारखा जाणता माणूससुद्धा अळीचं काम म्हणाला असता. हा मॉलिब्डेनमच्या कमतरतेचा प्रकार. आम्ल जमिनीत ते अन्नद्रव्य असूनही पिकाला मिळत नाही, आणि डोंगराकडच्या तांबड्या जमिनी आम्लच. काही वाण ते सोसतात, काही लगेच दाखवतात. त्या चौघांना चुना आणि सोडियम मॉलिब्डेट सुचवलं. पुढच्या वेळी तोच वाण तिथं मधल्या नंबरावर आला. बाद केला असता तर मातीची शिक्षा बियाण्याला दिली असती. आता कुठलाही वाण शेवटच्या नंबरावर आला, की निदान दोन शेतांत मी स्वतः जाऊन उभी राहते.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. संकरित वाण दुकानात किती वर्षं राहील त्याचा भरवसा नसतो. आम्ही दोन वर्षं राबून एखाद्याची ओळख करून घ्यावी, आणि तिसऱ्या वर्षी दुकानदारानं ‘तो बंद झाला, हा घ्या’ म्हणावं. म्हणून दर संचात दोन तरी सुधारित वाण मी ठेवतेच, ज्यांचं बी संशोधन संस्थांकडून मिळत राहील. ते पहिले येत नाहीत. पण दरवर्षी तेच असल्यामुळं नवा आलेला वाण त्यांच्या मानानं कुठं बसतो ते कळतं. आप्पांच्या भाषेत, जुना पैलवान आखाड्यात हवाच, त्याच्याशी लढल्यावर नव्याचं वजन कळतं.

सीमेपलीकडच्या शिनोळीकडचे सहा जण गेल्या वर्षी आपणहून आले. पूर्वेकडचे कन्नड बोलणारे काही शेतकरीही आलेत. त्यांच्यासाठी कागद कन्नडमध्ये करून दिला तो माझ्या अरभावीच्या मैत्रिणीनं. दोन्ही कागद एकाच गठ्ठ्यात जातात, तारीख आणि माती बघून. त्या गठ्ठ्याला सातवा विभाग नाही, आठवा नाही, आणि ही गोष्ट मला या कामात सगळ्यात जवळची वाटते.

मामी पहिल्या फटक्यानंतर दोन वर्षं मला काही विचारत नव्हती. मीही आपणहून बोलले नाही. यंदा पितृपक्षात तिचाच फोन आला. “दिवाळीच्या मागं-पुढं लावायचं हाय. काळी जमीन. कुठला लावू?” मी म्हटलं, “मामी, तुझ्यासारख्या जमिनीचे, त्या पंधरवड्याचे अकरा कागद आहेत. त्यात दोन वाण पुढं आहेत, पण त्या दोघांत कुठला सरस ते मला सांगता येत नाही.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग दोन्ही निम्मे निम्मे दे. आणि तिसरा ट्रे मागच्या वेळचाच दे. बघूया तरी आता काय करतोय.”

तिन्ही वाणांचे ट्रे परवा दिले. रोपं पंचवीस दिवसांची होती. बाबांनी रिकामी पाकिटं मागून घेतली, पाठीवर लागणीची तारीख आणि ‘कडोली, काळी’ एवढंच लिहिलं, आणि पुढची जागा कोरी ठेवून डब्यात टाकली.